फर्नेस चालू आहे, हवाही येते, पण घर तापत नाही

कुडकुडे
मंडळी, जरा मदत हवी आहे. आमची फर्नेस गॅसवरची, डक्टमधून गरम हवा सोडणारी. वय साधारण चौदा वर्षं. थर्मोस्टॅट २१ अंशांवर लावलाय आणि घर १७ च्या वर सरकायला तयार नाही. बंद पडली असंही म्हणता येत नाही, कारण जाळ्यांतून हवा सतत येते. कधी चांगली गरम, तर कधी निव्वळ गार. फिल्टर नवा आहे, थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलून झाल्या, जाळ्या सगळ्या उघड्या आहेत. मेकॅनिक पुढच्या आठवड्याशिवाय मिळत नाहीये. तोवर मला घरच्या घरी काय तपासता येईल? स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टीमीटर वापरता येतो, पण गॅसच्या भागाला हात लावायचा नाही असं ठरवलंय.

उंटावरचा
फ्लेम सेन्सर. डोळे झाकून सांगतो. एक स्क्रू काढा, सळई घासा, परत लावा. मला नंतर धन्यवाद द्या.

नवखा
थर्मोस्टॅटवर फॅन 'ऑन' आहे का 'ऑटो'? 'ऑन' असेल तर बर्नर बंद असतानाही पंखा फिरत राहतो आणि गार हवा येते. आमच्याकडे हेच झालं होतं, पाहुण्यांच्या मुलाने बटण दाबलं होतं.

कुडकुडे
@नवखा, बघितलं, ऑटोवरच आहे.

अनुस्वार
बाकी काही करण्याआधी एक विचारते. घरात सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा, अलार्म आहे का, आणि त्याची मुदत संपलेली नाही ना? मागच्या बाजूला तारीख असते, तीही बघा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होणं, मळमळ, घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी गळाल्यासारखं वाटणं आणि बाहेर गेलं की बरं वाटणं, असं काही असेल तर फर्नेस बंद करून आधी सगळे बाहेर पडा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही, फोन बाहेर जाऊन करायचा. तुम्हाला माहीत असेलच, पण हा धागा उद्या दुसरं कोणी वाचेल म्हणून लिहून ठेवते.

कुडकुडे
@अनुस्वार, अलार्म दोन आहेत, दोन्ही मुदतीत. कोणाला काही त्रास नाही. थंडीचा सोडून.

पाना_पक्कड
या धंद्यात बरीच वर्षं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. 'तापत नाही' एवढ्यावरून कोणीही काहीही सांगू शकतो. उंटावरचा यांचा अंदाज बरोबर ठरेलही, कारण फ्लेम सेन्सर ही खरंच फार नेहमीची भानगड आहे. पण सुटे भाग घासायला किंवा बदलायला लागण्याआधी फर्नेससमोर स्टूल टाकून बसा आणि ती कुठल्या पायरीवर अडते ते बघा.

क्रम असा असतो. थर्मोस्टॅट उष्णता मागतो, म्हणजे २४ व्होल्टचं सर्किट जोडतो. मग एक छोटी मोटर घरघरते, तो इंड्यूसर. जळालेला वायू बाहेर ओढायचं काम त्याचं. तो नीट ओढतोय हे प्रेशर स्विचला पटलं की इग्नायटर लाल-नारिंगी तापतो, त्याला काही सेकंद ते अर्धा मिनिट लागतं. मग गॅस वॉल्व्हचा 'टक्' आवाज आणि बर्नर पेटतात. ज्योत खरोखर आहे का हे फ्लेम सेन्सर बघतो. ज्योतीतून अगदी क्षीण प्रवाह वाहतो, काही मायक्रोअँपिअर, तेवढ्यावर बोर्डाची खात्री पटते. त्यानंतर साधारण ३० ते ४५ सेकंदांनी मोठा ब्लोअर सुरू होतो. हा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर सुरुवातीलाच गार हवा अंगावर येईल.

आता खूणगाठ बांधा:

इंड्यूसर फिरतो पण इग्नायटर तापत नाही, तर अडचण प्रेशर स्विच, नळ्या, चिमणी किंवा पाणी तुंबण्याकडे, नाहीतर इग्नायटरच तडकलेला. इग्नायटर तापतो पण गॅस पेटत नाही, तर गॅसपुरवठा किंवा वॉल्व्ह. बर्नर पेटून चार-पाच सेकंदांत विझतात, पुन्हा पेटतात, पुन्हा विझतात आणि काही प्रयत्नांनंतर फर्नेस हात टेकून तासभर गप्प बसते, तर फ्लेम सेन्सर. आणि बर्नर काही मिनिटं छान जळतात, मग विझतात, पण ब्लोअर चालूच राहतो, तर प्रकरण वेगळं आहे.

खालच्या दारावर छोटी काच असेल. आत बोर्डावरचा एलईडी लुकलुकतो. दार काढण्याआधी काचेतून लुकलुकणं मोजा. दार काढलं की सुरक्षा स्विचमुळे वीज तुटते आणि बऱ्याच बोर्डांची आठवण त्याबरोबर पुसली जाते. कोडचा अर्थ दाराच्या आतल्या स्टिकरवर छापलेला असतो. प्रत्येक कंपनीचा वेगळा, तेव्हा दुसऱ्याच्या फर्नेसचा कोड इथे विचारू नका.

वाकडी_वाट
फर्नेससमोर स्टूल टाकून बसायचं म्हणजे निदान तेवढा वेळ तरी ऊब मिळेल.

झुळूक
माझा अनुभव जोडते, फर्नेस वेगळ्या प्रकारची असली तरी उपयोगी पडेल. आमची जास्त कार्यक्षमतेची आहे, पांढरे पीव्हीसी पाईप भिंतीतून बाहेर जातात ती. कोड यायचा प्रेशर स्विचचा. मेकॅनिकने स्विच बदलला, थोडे दिवस चालली, पुन्हा तेच. दुसऱ्याने येऊन पुन्हा स्विचच बदलला. तिसऱ्या बाईंनी स्विचला हातही लावला नाही. त्यांनी रबरी नळी काढून तिरकी धरली तर त्यातून पाणी टपकलं. खालचा सांडपाण्याचा ट्रॅप शेवाळासारख्या चिकट थराने बुजला होता. तो धुतला आणि प्रश्न मिटला.

पाना_पक्कड
@झुळूक, अगदी मोलाचं लिहिलंत. प्रेशर स्विच हा साक्षीदार असतो, आणि लोक साक्षीदारालाच आत टाकतात. तो सांगत असतो की हवा ओढली जात नाहीये. का ओढली जात नाही हे शोधायचं काम माणसाचं. या प्रकारच्या फर्नेसमध्ये धुरातली वाफ आतच थिजते, म्हणून पाणी होतं, आणि ते आम्लधर्मी असतं. ट्रॅप तुंबला, पाईपला उतार चुकीचा मिळाला किंवा पाणी बाहेर जाताना गोठलं की हाच कोड. बाहेरची पाईपची तोंडंही बर्फाखाली जातात, मोठ्या हिमवर्षावानंतर आधी तिथे फावडं न्यायचं. मात्र कुडकुडेंची चौदा वर्षांची फर्नेस कुठली हे त्यांनी सांगावं. धुराचा पाईप धातूचा की प्लास्टिकचा?

कुडकुडे
धातूचा, वर छतातून जातो.

आणि बसलो होतो बघत, दोन पूर्ण फेऱ्या पाहिल्या. इंड्यूसर सुरू, इग्नायटर लाल, बर्नर पहिल्या फटक्यात पेटले, ज्योत निळी आणि स्थिर. थोड्या वेळाने ब्लोअर लागला. सहा-सात मिनिटं सगळं व्यवस्थित. मग 'टक्', बर्नर बंद. ब्लोअर मात्र चालूच, जाळीतून हळूहळू गार हवा. थर्मोस्टॅट अजून उष्णता मागतोच आहे. तीन-चार मिनिटांनी इंड्यूसर पुन्हा आणि सगळं पहिल्यापासून. एलईडी बर्नर विझल्यावर चार वेळा लुकलुकतो. काचेतून मोजलं, मग दार काढून स्टिकर वाचला: आमच्या बोर्डावर चार म्हणजे 'हाय लिमिट स्विच ओपन'.

उंटावरचा
मग लिमिट स्विच गेलाय. स्वस्त भाग आहे, दोन वायरी, दोन स्क्रू. आणि खराब आहे का हे बघायचं असेल तर त्या दोन वायरी एकमेकींना जोडून फर्नेस चालवून बघा, लगेच कळेल.

पाना_पक्कड
@उंटावरचा, कृपा करून हे वाक्य संपादित करा. लिमिट स्विच वगळून फर्नेस कधीही चालवायची नाही, तपासायला म्हणूनसुद्धा नाही. आतला हीट एक्स्चेंजर, म्हणजे बर्नरची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग, प्रमाणाबाहेर तापू नये म्हणून तो आहे. एक्स्चेंजर तडकला की धूर घरातल्या हवेत मिसळायला वाट मिळते. दुसरा त्याचा भाऊ रोलआऊट स्विच, ज्योत बर्नरच्या बाहेर आली तर तुटतो आणि हाताने दाबावा लागतो. तो तुटलेला दिसला तर दाबून पुढे जाऊ नका, मेकॅनिक येईपर्यंत फर्नेस बंद.

@कुडकुडे, आता प्रकरण स्पष्ट होतंय. पेटण्याशी संबंधित सगळं ठीक आहे. सेन्सर, इग्नायटर, वॉल्व्ह, प्रेशर स्विच, सगळ्यांना क्लीन चिट. फर्नेस उष्णता तयार करतेय, पण ती वाहून न्यायला पुरेशी हवा मिळत नाहीये, म्हणून आतलं तापमान चढतं आणि लिमिट तुटतो. ब्लोअर चालू राहतो तो आतला भाग थंड करायला. हा स्विच आपलं काम चोख करतोय असंच मी धरून चालेन, उलट पुरावा मिळेपर्यंत.

एक मोजमाप करा. नेमप्लेटवर 'टेम्परेचर राइज' असा आकडा असेल, खालची आणि वरची मर्यादा. फर्नेसमधून निघणारी हवा उणे फर्नेसमध्ये परत येणारी हवा, म्हणजे हा आकडा. सुईवाला थर्मामीटर डक्टच्या एखाद्या फटीतून आत सरकवा. फर्नेसच्या डोक्यावर एसीची कॉइल असेल तिथे भोक पाडायच्या भानगडीत पडू नका, कॉइलला सुई लागली तर ते दुखणं महागात जाईल.

कुडकुडे
नेमप्लेटवर १९ ते ३६ अंश सेल्सिअस आहे. मोजलं. परतीची हवा १८, निघणारी हवा बर्नर विझायच्या क्षणी ६६. म्हणजे ४८.

पाना_पक्कड
मर्यादेपेक्षा १२ अंश वर. वाद संपला, हवा कमी पडतेय.

आता हवा का कमी पडते त्याची कारणं मोजकीच आहेत. फिल्टर. बंद केलेल्या जाळ्या. ब्लोअरच्या पात्यांवर साचलेली धूळ. ब्लोअरचा कपॅसिटर अशक्त झाल्याने मोटर मंद फिरणं. डक्ट कुठे तरी दबलेली किंवा सुटलेली. आणि वरची एसीची कॉइल. गॅसचा दाब जास्त असेल तरी हेच दिसतं, पण ते तपासायचं काम मेकॅनिकचं. फिल्टर नवा म्हणालात, पण कुठला? एक इंच जाडीचा आणि मर्व्ह १३ (हा आकडा जितका मोठा तितकी गाळणी बारीक) असेल तर नवाकोरा असूनही तो पुष्कळ हवा अडवतो. थोडा वेळ साधा, मर्व्ह ८ च्या आसपासचा घालून फरक पडतो का बघा.

कुडकुडे
मर्व्ह ८ चाच आहे, एक इंच. ब्लोअरची पाती वीज बंद करून टॉर्चने पाहिली, थोडी धूळ आहे पण अगदी लेप वगैरे नाही. डक्ट दिसते तेवढी नीट आहे. कपॅसिटर काढून मल्टीमीटरवर मोजू का?

पाना_पक्कड
नको. वीज तोडल्यावरही त्यात भार शिल्लक असतो आणि तो सणसणीत झटका देऊ शकतो. ते मेकॅनिकवर सोडा.

मला दुसरंच विचारायचंय. उन्हाळ्यात एसी कसा चालला?

कुडकुडे
आता विचारताय म्हणून आठवलं. एसी दिवसभर चालायचा आणि वरच्या खोल्या गार व्हायच्याच नाहीत. एकदा फर्नेसच्या बाजूला पाणी सांडलेलं दिसलं होतं, आणि तांब्याच्या जाड पाईपवर बर्फ होता. आम्ही एसी बंद ठेवला, बर्फ वितळला, मग उन्हाळाच संपला.

पाना_पक्कड
मग माझे पैसे कॉइलवर. थंडीत फर्नेसची गरम हवा आणि उन्हाळ्यात एसीची गार हवा, दोन्ही त्याच कॉइलमधून जातात. ती खालच्या बाजूने धुळीने लिंपली गेली की उन्हाळ्यात हवा कमी पडून कॉइलवर बर्फ धरतो आणि थंडीत हवा कमी पडून लिमिट तुटतो. आजार तोच, ऋतूप्रमाणे लक्षणं बदलली. एसीला गॅस कमी असला तरी बर्फ धरतो, त्यामुळे नुसत्या बर्फावरून मी हे म्हटलं नसतं. पण बर्फ आणि ४८ चा आकडा दोन्ही एकत्र आले की संशय एकाच ठिकाणी जातो. घरात मध्यंतरी काही तोडफोड, लाकडी फरशी घासणं, भिंती घासणं असलं काम झालं का?

कुडकुडे
फरशी घासून पॉलिश केली होती, वसंतात. कामगारांनी जाळ्यांना प्लास्टिक लावलं होतं, पण पुरवठ्याच्या जाळ्यांना. परतीच्या मोठ्या जाळीला लावलं होतं का, देव जाणे.

अनुस्वार
हे वाचून मी आत्ता उठून आमची परतीची जाळी बघून आले. तिच्यासमोर सोफा आहे. तोही हवा अडवतच असणार ना?

पाना_पक्कड
@अनुस्वार, टेकूनच असेल तर हो. वीतभर तरी पुढे ओढा.

@कुडकुडे, मेकॅनिक येईपर्यंत थर्मोस्टॅट २१ ऐवजी १७-१८ वर ठेवा आणि रात्री खाली आणू नका. चार अंशांची उडी मारायला लावलं की फर्नेस सलग चालते आणि दर वेळी लिमिटपर्यंत पोचते. थोडं थोडं तापवायला लावलं तर बहुतेक वेळा त्याआधीच थर्मोस्टॅट समाधानी होऊन थांबतो. एक्स्चेंजरला तेवढाच कमी ताप. विजेचा हीटर जोडणार असाल तर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये, एक्स्टेंशन वायरवर नाही. बाहेर कडाक्याची थंडी असेल तर सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, पाण्याचे पाईप गोठायला नकोत.

आणि फोनवर मेकॅनिकला 'फर्नेस तापत नाही' असं सांगू नका. 'लिमिट तुटतोय, राइज ४८ आहे, मर्यादा ३६, फिल्टर नवा, उन्हाळ्यात कॉइलवर बर्फ होता, कॉइल उघडून बघायची आहे' असं सांगा. कॉइल साफ करायला वेळ लागतो, तो तयारीने येईल.

बोरूबहाद्दर
विषयाला थोडा फाटा. आमच्या नव्या फर्नेसमधून येणारी हवा जुनीसारखी चटका देत नाही, नुसती कोमट असते आणि तासन् तास चालते. घर मात्र नीट उबदार राहतं. तक्रार करावी का?

पाना_पक्कड
दोन टप्प्यांची फर्नेस असेल. पहिल्या टप्प्यावर ती कमी आचेवर जास्त वेळ चालते, हे अपेक्षित आहे. घर ठरलेल्या तापमानाला पोचतंय तर हवा हाताला किती गरम लागते याला फारसा अर्थ नाही. हीट पंप असेल तर हवा त्याहून कोमट लागते. खुशाल झोपा.

झुळूक
फ्लेम सेन्सर साफ करायचा झाला तर पॉलिश पेपर चालतो का? उंटावरचा म्हणाले 'घासा', पण कशाने?

उंटावरचा
मी बारीक पॉलिश पेपरच वापरतो. अजून तरी काही बिघडलं नाही.

पाना_पक्कड
बारीक स्टील वूल किंवा भांडी घासायची हिरवी घासणी, हलक्या हाताने. पॉलिश पेपरने ओरखडे पडतात आणि त्यात थर पुन्हा लवकर बसतो. आधी वीज बंद. आणि शेजारच्या इग्नायटरला बोट लावू नका, विशेषतः जुन्या राखाडी सिलिकॉन कार्बाइडच्या. तो काचेइतका ठिसूळ असतो आणि बोटांचा तेलकटपणा लागला की तापताना तिथेच तडकू शकतो. सेन्सर वारंवार काळा पडत असेल तर घासत बसण्यापेक्षा ज्योत तपासून घ्या. निळी आणि स्थिर हवी. पिवळी, आळसट, किंवा ब्लोअर सुरू होताच हलायला लागणारी ज्योत दिसली तर फर्नेस बंद करून मेकॅनिक. शेवटचं लक्षण तडकलेल्या एक्स्चेंजरचं असू शकतं.

कुडकुडे
अपडेट. मेकॅनिक येऊन गेला. मी तुमची यादी फोनवर वाचून दाखवली होती, त्यामुळे आल्या आल्या त्याने सरळ कॉइलचं झाकण उघडलं. मंडळी, फोटो टाकला असता पण बघवणार नाही. कॉइलच्या खालच्या अंगाला राखाडी-पिवळट नमद्यासारखा थर, बोटाने धरून सोलता येईल असा. धूळ, केस आणि लाकडाचा भुसा. धातूच्या पत्र्या दिसतच नव्हत्या. त्याने आधी ब्रशने आणि व्हॅक्यूमने थर उतरवला, मग फवारा मारून धुतलं. अर्धा दिवस गेला.

कपॅसिटर त्याने मोजला: वर ७.५ मायक्रोफॅरड छापलंय, निघाला ७.३, म्हणजे ठीक. एक्स्चेंजरमध्ये कॅमेरा घालून बघितला, तडा नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइडही मोजला, ठीक आहे म्हणाला. लिमिट स्विच तोच ठेवलाय.

आता परतीची हवा १९, निघणारी ५०. राइज ३१. थर्मोस्टॅट २१ वर आहे आणि घर २१ वर आहे. बर्नर मध्येच विझत नाहीत.

वाकडी_वाट
आता आयडी बदलायला लागणार तुम्हाला.

उंटावरचा
अभिनंदन. ते वायरी जोडण्याचं वाक्य संपादित केलंय. फ्लेम सेन्सर मात्र घासून घ्याच, चौदा वर्षं म्हणजे खूप झाली.

पाना_पक्कड
३१ उत्तम. लिमिट इतके दिवस सारखा तुटत होता, तेव्हा तो थोडा कमजोर झालेला असू शकतो. पुढे राइज मर्यादेत असूनही कोड चार दिसला, तरच त्याच्यावर संशय घ्या.

पण एक राहिलं. भुसा फरशीच्या कामाचा, मान्य. केसांचं काय? फिल्टर असताना ते कॉइलपर्यंत कसे पोचले? फिल्टरच्या खाचेत टॉर्च मारा. फिल्टर खाचेपेक्षा लहान असेल किंवा खाचेला झाकण नसेल तर हवा फिल्टरला वळसा घालून जाते, आणि मग मर्व्ह कितीचा आहे याला काही किंमत नाही.

कुडकुडे
बघितलं. बोटभर फट आहे वरच्या बाजूला. आणि खाचेला झाकण नाहीच, बाहेरून आत हवा ओढली जाते, कागदाचा कपटा धरला तर चिकटून बसतो. मापाचा फिल्टर मागवतो. झाकणाला काय वापरू?

पाना_पक्कड
पत्र्याची पट्टी कापून चुंबकाने लावा म्हणजे फिल्टर बदलताना काढता येईल. तयार चुंबकी पट्ट्याही मिळतात. कापडी टेप नको, तो कालांतराने सुटतो. आणि फिल्टरच्या कडेवरचा बाण फर्नेसच्या दिशेने.

नवखा
बाण असतो??